कोमट तेल

"...पण सगळी बंडं मोडली, तरी मला झोप का लागत नाही, माई?"

सम्राज्ञी कनकावतीचा आवाज दरबारातलाच होता. झोपेनेसुद्धा हुकूम पाळायला हवा, असा.

टेकडीवरच्या झोपडीत वृद्ध साध्वी सोमाई चुलीपाशी बसून तेलाची वाटी कोमट करत होती.

"पहिलं बंड कुणाचं होतं?"

"एका सरदाराचं. त्याचे किल्ले काढून घेतले."

"मग?"

"मग मामा उठले. त्यांना देशाबाहेर घालवलं."

"आणि आता?"

"आता मंजिरा. माझी सख्खी धाकटी बहीण! माझ्यावर फौज घेऊन आली. काल पकडली. खाली छावणीत आहे. उद्या सकाळी तिला सुळावर..."



सोमाईने वाटी उतरवली. "ये, डोक्याला तेल लावते. पाठ कर माझ्याकडे."

कनकावती हलली नाही. आल्याबरोबर तिने भिंतीची जागा धरली होती, दार समोर दिसेल अशी.

"मी कुणाकडे पाठ करून बसत नाही, माई. राज्यावर आल्यापासून नाही."

"मग तुझे केस कोण विंचरतं?"

"माझी मीच."

एवढ्या मोठ्या राज्याची धनीण, पण मानेमागचा गुंता काही तिला सोडवता आला नव्हता. सोमाईला फार वाईट वाटलं.

"लहानपणी कोण विंचरायचं, बाळ?"

"मंजिरा आणि मी एकमेकींची वेणी घालायचो."

एवढं बोलून सम्राज्ञी उठली. सोमाईसमोर आली आणि हळूच पाठ फिरवून बसली. म्हातारी बोटं केसांतून फिरू लागली, तसे तिचे ताठ खांदे खाली आले. मग ती रडली. सोमाईने रडू दिलं.

गुंता सुटत आला तेव्हा सोमाई म्हणाली, "मागच्या महिन्यात मंजिरा आली होती. तुझ्याच जागी बसली, भिंतीला टेकून. तेल लावू दिलं नाही तिनेही."

"तिला कुणाची भीती?"

"तुझी. मामांना घालवलं, आता आपली पाळी, म्हणाली. झोप लागत नाही, म्हणाली."

कनकावती आता दाराकडे बघत नव्हती.

"तिला सोडलं आणि ती पुन्हा उठली तर?"

"उठेलही."

"मग मी काय करू, माई?"

सोमाईने वाटी तिच्या हातात दिली. वर फणी ठेवली.

"तेल उरलंय. गार व्हायच्या आत खाली छावणीत घेऊन जा."