आरशासारखं हेड

"उस्ताद, इंजिनाच्या हेडचं चांगलं काम करणारं एखादं दुकान सांगा. लांबचं असलं तरी चालंल."

दस्तगीर उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. विचारणारा बाळगोंडा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आज अख्ख्या कोल्हापुरात इंजिनाच्या कामाचं त्याच्यापेक्षा मोठं दुकान नव्हतं, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"हलवायानं पेढं कुठं मिळत्यात म्हणून इचारावं, तसं झालं हे."

बाळगोंडा हसला नाही. पोत्यातलं हेड, म्हणजे इंजिनावरचं जड झाकण, काढून त्यानं त्यांच्यापुढं ठेवलं.

"आबाच्या जीपचं हाय. मीच केलंय. तवापास्नं सकाळच्या गारठ्यात गाडी चालूच हुईना. सांगलीला दावलं, बेळगावात दावलं. समदी म्हणत्यात, काम झकास हाय, ह्यात आमी काय करायचं?"

"आबा काय म्हणतोय?"

"काय न्हाई. छान झालं म्हणाला..."

"मग?"

"हल्ली बाजाराला यष्टीनं जातोय."

बाळगोंडाचा म्हातारा बाप त्या जीपला पोटच्या पोरासारखं जपायचा, हे उस्तादांनाही ठाऊक होतं.

हवा आणि पेट्रोल ज्या वाटेनं इंजिनात शिरतं, त्या इनटेकमध्ये उस्तादांनी बोट घातलं. डोळे मिटले. बोट आत फिरत राहिलं...

"आरसा केलायस."

"आबाची गाडी म्हणून जीव लावून घासलं. तुमी हितं खरबरीत ठेवायचा. मला वाटायचं, उस्ताद कट्टाळा करत्यात."

उस्तादांना एवढं हसू आलं, की खोकला लागला.

"आरं, हवा आन् पेट्रोल वाटंत जरा अडखळली, तरच एकात एक मिसळत्यात. गुळगुळीत वाटंवर गार पेट्रोल नुसतं ओघळतंय."

त्यांनी फळीवरचा जाडा एमरी कागद काढून त्याच्या हातात दिला.

"एवढं घासलेलं, परत खरबरीत करू?"

"तूच कर."

बाळगोंडा खाली बसला. कागदाचा खर्रखर्र आवाज सुरू झाला. त्याच्या हाताकडं बघत उस्ताद शेजारीच बसून राहिले.

"तुझा आबा पयल्यांदा लई शिव्या घालायचा तुला. हितं दुकानात यून घालायचा."

"आता न्हाई घालत. माझं दुकान झाल्यापास्नं गोड बोलतोय. मी बी गोडच बोलतो."

"बरं हाय की मग."

"व्हय... जेवलास का, जेवलो. तिथंच बोलणं सपतंय."

कागदाचा आवाज थांबला.

बाळगोंडाचे डोळे भरून आले. पुसायला हात काळे होते. उस्तादांनी आपला राठ तळवा त्याच्या गालावर ठेवला, शिकायला होता तेव्हा ठेवत तसाच. तो गालाला टोचला, आणि त्याला फार बरं वाटलं.

"उस्ताद, दुकानाचं नाव सांगितलं न्हाईसा."

उस्तादांनी हेड पुन्हा पोत्यात घातलं आणि पोतं त्याच्या खांद्यावर दिलं.

"दुकान कशाला? काम तुझ्याच हातनं झालं की. बसवताना आबाला हाताशी घे. आन् तो जे काय खरबरीत बोलंल, ते घासत बसू नगंस."