जिन्याजवळची शहाबादी

एका धान्य व्यापाऱ्याने एकदा आपल्या राहत्या घराची फरशी बदलायला काढली. खाली त्याचे दुकान, वर घर, आणि दोन्हींना जोडणारा एक उभा दगडी जिना होता. वडिलांनी बसवलेली शहाबादी फरशी त्याला आता डोळ्यांसमोर नको झाली होती. काळपट रंग, खडबडीत अंग, पावलोपावली सांधे. पाहुणे आले की त्याला ओशाळल्यासारखे होई. जरा बरे दिवस आले की माणसाला आधी आपल्या पायाखालचीच लाज वाटू लागते, त्याला तो तरी काय करणार?

बाहेरची मोठी खोली तयार झाली होती. पांढऱ्याशुभ्र, चकचकीत, हातभर लांबरुंद फरशा अशा बसवल्या होत्या, की शोधूनही सांधा सापडू नये. जिन्याच्या तोंडाशी मात्र जुन्या शहाबादीची एक ओळ शिल्लक होती. तीही आज निघायची होती आणि मिस्त्री पहार घेऊन तयारच होता. जिन्याचा कठडा त्यासाठी आधीच काढून ठेवला होता.

आता देवघर आणि आतल्या खोल्या राहिल्या होत्या. तिथे दुधी रंग हवा की मधाळ, यावर नवरा-बायकोचे काही केल्या जमेना. अखेर व्यापाऱ्याने आपल्या लहानपणच्या वृद्ध गुरुजींना बोलावणे धाडले. गुरुजी शिष्याला सोबत घेऊन आले.

दोन्ही नमुने भिंतीला टेकवून उभे केले होते. "सांगा गुरुजी, कोणता शोभेल?" व्यापाऱ्याने विचारले.

गुरुजींनी नमुन्यांकडे पाहिलेच नाही. त्यांचे लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीकडे होते. तिथे व्यापाऱ्याचे वडील बसले होते. काचबिंदूने आबांची दृष्टी पूर्ण गेली होती, त्याला बरीच वर्षे झाली. तरीही रोज सकाळी कुणाचा हात न धरता ते देवघरात जात आणि देवाला फूल वाहून परत येत, हे गावात सर्वांना ठाऊक होते.

"आबा अलीकडे उठत नाहीत वाटतं?"

"थकले हो आता," व्यापारी खालच्या आवाजात म्हणाला. "काम सुरू झाल्यापासून खुर्ची सोडत नाहीत. धड बोलतही नाहीत. वय झालं. सांभाळायला माणूस बघतोय."

गुरुजी जिन्याच्या तोंडाशी गेले. शहाबादीची ती ओळ त्यांनी अनवाणी पायाने चाचपून पाहिली. मग शिष्याला म्हणाले, "दोन पायऱ्या उतरून उभा राहा. हात पुढे ठेव. पण मी सांगेपर्यंत कुणाला स्पर्श करू नकोस." शिष्याला काही उलगडले नाही, तरी तो उभा राहिला.

गुरुजी खुर्चीजवळ गेले. "आबा, देवाला फूल वाहायचं राहिलंय. उठा."

"कुणीतरी न्या मला," आबा पुटपुटले.

"नाही. तुम्हीच जायचं."

आबा उठले. त्यांनी एक पाऊल टाकले, मग थांबून अंगठ्याने जमीन चाचपली. पुन्हा एक पाऊल, पुन्हा चाचपणी. पायाला काहीच लागत नव्हते. देवघर उजव्या हाताला होते आणि आबा डावीकडे, थेट जिन्याच्या दिशेने वळू लागले.

"आबा!" व्यापारी धावला. गुरुजींनी आपली काठी त्याच्या छातीशी आडवी धरली.

"गुरुजी, वेड लागलंय का तुम्हाला? कठडा नाहीये तिथं!" व्यापारी दबक्या आवाजात म्हणाला.

"गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस."

सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. मिस्त्रीच्या हातातली पहार तशीच राहिली. शिष्याला खालून फक्त आबांची पावले दिसत होती, वाळलेली, थरथरणारी, दर क्षणाला जवळ येणारी. आपले गुरू आज एका म्हाताऱ्याचा जीव घेणार, असे त्याला मनापासून वाटले आणि त्यांचा भयंकर राग आला. गुरुजी मात्र काहीच सांगत नव्हते.

आणि पाऊल थांबले.

आबांचा अंगठा शहाबादीवर टेकला होता. तो खडबडीत दगडावर फिरला, सांध्यातून पुढे सरकला, वर्षानुवर्षांच्या पावलांनी झिजलेल्या एका खळग्यात जाऊन विसावला. आबांच्या चेहऱ्यावर ओळखीचे काहीतरी उमटले.

"हा जिना," ते म्हणाले. मग त्यांचा आवाज कापला. "मुकुंदा, हे आपलंच घर आहे होय रे?"

"म्हणजे काय आबा? आपलंच आहे."

"मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरी आणून ठेवलंत मला. विचारायचा धीर होईना."

गुरुजींनी काठी बाजूला घेतली.

"मुकुंदा, तू फरशी डोळ्यांनी निवडलीस, त्यात गैर काही नाही. पण या घरात एकजण पायांनी पाहतो. तू ज्या सांध्यांना कंटाळलास, त्यांच्याच आधारानं त्यांना देवघर सापडायचं, अंथरूण सापडायचं. ते थकलेले नाहीत. त्यांची वाट तेवढी तू उखडून टाकलीस."

मिस्त्रीने चाचरत विचारले, "शेठ, ही ओळ काढायची ना?"

"हात लावू नकोस तिला," व्यापारी म्हणाला. "मागच्या अंगणात टाकलेले जुने शहाबादी दगड वर आण. आबांच्या खाटेपासून देवघरापर्यंत आणि तिथून इथपर्यंत बसव. कठडा आत्ताच्या आत्ता लाव." मग त्याने भिंतीला टेकवलेले दोन्ही नमुने उचलले, आबांसमोर जमिनीवर आडवे ठेवले, आणि त्यांचे पाऊल स्वतःच्या हातांनी धरून त्यावर टेकवले.

परतीच्या वाटेवर शिष्याला राहवेना. "गुरुजी, त्यांचा पाय त्या ओळीवरून पुढे गेला असता तर?"

"म्हणून तर तुला खाली उभं केलं होतं," गुरुजी म्हणाले. "आणि माझी छाती अजून धडधडते आहे, हेही ऐकून ठेव."

घरासाठी फरशी पाहायला जाल तेव्हा नमुना भिंतीला टेकवून पाहू नका. तो जमिनीवर ठेवा आणि घरात जो सर्वांत हळू चालतो, त्याला आधी बोलवा.