दहा लाख तीनची बाकी

"आणि कशाचाच भाग गेला नाही, तर मी मोकळा?"

गोपीनाथने बोचकं दारातच ठेवलं होतं. पूर्वी तो गणिताचा मास्तर होता. टेकडीवरच्या मठात सोळा वर्षं काढून आता घरी निघाला होता. हाती काही लागलं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

मठाधिपती दाजीबुवांनी अडवलं नाही. जाण्याआधी एक संख्या तेवढी तपासून दे म्हणाले. दहा लाख तीन. एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कुणाचा भाग जातो का?

"मोकळा," बुवा म्हणाले.

गोपीनाथला हसू आलं. सोळा वर्षांत त्याचा सगळा अहंकार गळला होता, गणिताचा तेवढा शाबूत होता.

"हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं, बुवा. पुढे जायला नको."

"अशा किती?"

"एकशे अडुसष्ट."

"बस मग."

दोन दिवस तो पाटीवर भागाकार करत बसला. दोन, तीन, पाच, सात... भाग काही जाईना. प्रत्येक 'नाही' त्याच्याच सोयीचं होतं. तरी शेवटी शेवटी त्याला मनापासून वाटू लागलं, एकाचा तरी जावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाटी घेऊन आला.

"नऊशे सत्त्याण्णव. शेवटचा. त्याचाही नाही गेला. संख्या मूळ आहे."

"बाकी किती?"

"बारा."

"त्याच्या आधीची?"

"पुसली."

"तेराने भागलंस तेव्हाची?"

"तीही पुसली. सगळ्याच पुसल्या. पाटी एकच, बुवा. आणि भाग गेला नाही म्हटल्यावर बाकी ठेवून करायचंय काय?"

बुवांनी पाटीवर नजर टाकली.

"एखादी शून्य होती का रे?"

"शून्य असती तर भाग गेला नसता का?"

"हं... म्हणजे दर वेळी काहीतरी उरत होतं."

हाताच्या सवयीने गोपीनाथने ओलं फडकं पाटीकडे नेलं. बुवांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात जोर असा नव्हताच, पण गोपीनाथ थांबला.

"थकलो, बुवा. रोज पहाटे ध्यानाला बसायचो. रोज वाटायचं, आज तरी..."

"मीही थकलोय," बुवा म्हणाले. "बावन्न वर्षं झाली."

गोपीनाथ त्यांच्याकडे बघतच राहिला. हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"मग... जाऊ मी?"

बुवांनी मनगट सोडलं.

"जा की. फक्त पुसून जाऊ नकोस."