किकेरो की सिसेरो?

इंग्रजी अमदानीत एका जिल्ह्याच्या गावी माणकीकर नावाचे प्राचार्य होते. विलायतेला जाऊन आल्यापासून इंग्रजांचा शब्द त्यांना वेदवाक्य झाला होता. कॉलेजच्या वक्तृत्वस्पर्धेला गोरे कलेक्टरसाहेब अध्यक्ष होते आणि बोलणाऱ्यांत मुलगी एकच, द्वारका हळबे. मिशनच्या शाळेत लॅटिन शिकलेल्या द्वारकेने रोमच्या प्राचीन वक्त्याचं नाव लॅटिन वळणाने घेतलं, "किकेरो." तशी प्राचार्यांनी टेबलावर थाप मारली.

"किकेरो? इंग्रजीत सिसेरो म्हणतात! जिला नाव धड घेता येत नाही, तिने वक्तृत्वाच्या गप्पा मारू नयेत. उतरा खाली!"

सगळं सभागृह खोखो हसलं. द्वारका मात्र उतरली नाही.

"सर, त्याच्या घरचे त्याला किकेरोच म्हणत."

"घरच्यांना कोण विचारतो? इंग्रज उच्चारतात तेच शुद्ध!"

"मग सर, साहेब आपलं नाव जसं घेतात, तसंच उद्यापासून आम्हीही घेऊ का?"

हसणं जागच्या जागी थिजलं. आपण हे काय बोलून बसलो, असं द्वारकेला झालं. पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी माना खाली घातल्या. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या कलेक्टरसाहेबांनी मात्र वाकून मोठ्या प्रेमाने इंग्रजीत विचारलं, "काय म्हणते ही मुलगी, मिस्टर मंकीकार?"

प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काही नाही, साहेब," ते कसेबसे म्हणाले, "ती किकेरोबद्दल सांगते आहे. तिला बोलू द्या."