तीन देहांचं देणं

एका राज्यात, जिथे हिमाचे डोंगर संपतात आणि वाळू अजून सुरू झालेली नसते, तिथे राजकन्या कुंतला दूरच्या द्वीपावरून विद्या शिकून परतली. वेशीवर नौबत झडेल, धाकटा भाऊ केयूर घोडा दौडवत सामोरा येईल, असं तिला वाटलं होतं. नौबत झडली नाही. केयूर पलंगावर होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"ताई, दिवसा माझ्या कपाळावर पापड भाज," तो धापा टाकत म्हणाला, "आणि रात्री त्यावरच सरबत गार कर."

त्याच्या डोळ्यांतून अखंड पाणी गळत होतं. उशीवर मिठाचा थर साचला होता.

"वैद्य काय म्हणतात?"

"वैद्य पळाले. मीठ तेवढं आचारी स्वयंपाकघरात नेतात."

कुंतला राजाच्या बागेत गेली. तिथे रानउंट सावलीतही घेरी येऊन पडला होता, सागराचं कासव खाऱ्या पाण्याला तोंड लावत नव्हतं, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस माणसासारखा बोलत होता.

"सर्व प्राण्यांनी एकाच बागेत दूधभात खाऊन सुखी व्हावं, ही महाराजांची इच्छा," हंस म्हणाला. "तमाल मांत्रिकाने ती पुरवली. आपापल्या मुलखासाठी आमच्या देहांत जे होतं, ते त्याने काढून घेतलं. मला बदल्यात वाचा दिली."

"काढलेलं ठेवलं कुठे?"

"ते जिवंत देहातच राहतं. राजपुत्र जवळच निजला होता."

"म्हणजे उंटाचा ताप, कासवाची आसवं आणि श्वास धरून ठेवणारं तुझं रक्त त्याच्यात शिरलं," कुंतला म्हणाली. "ज्याचं त्याला, त्याच्या मुलखात परत करीन."

तिने शिकलेल्या विद्येने भावाचा ताप तांब्याच्या लोटीत उतरवला, आसवं शंखात आणि रक्ताचा एक थेंब स्फटिकाच्या कुपीत घेतला. वाळवंटात उंटावर लोटी रिती केली. उंट दिवसभर उन्हाबरोबर तापत गेला, घामात पाणी न दवडता चालत राहिला, आणि रात्री निवला. इकडे केयूरचं कपाळ निवलं. सागरतीरी कासवाला शंख दिला. ते खारं पाणी प्यालं, जादा मीठ डोळ्यांवाटे टाकून लाटेत शिरलं. केयूरचे डोळे कोरडे झाले.

मग ती हंसाला न्यायला आली, तेव्हा राजाने अडवलं. "पुरे. केयूर पलंगावर राहील, पण जगेल. राणी गेल्यापासून माझ्याशी हा हंसच बोलतो. तो मी देणार नाही."

"तुझं काय म्हणणं?" कुंतलेने हंसाला विचारलं.

"रक्त मिळालं की वाचा जाईल. बोलायला मला आवडतं, खोटं कशाला सांगू? पण माझा थवा शिखरांवरून जातो, तेव्हा मी इथे मान वर करून बसतो. तू ठरव."



दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हंसाला उचललं. विरळ हवेत त्याला चढवणार नव्हतं, म्हणून पदरात बांधलं.

"कुंतले, मी नाही म्हटलं होतं," राजा दारातून म्हणाला.

"हो, तात," ती म्हणाली आणि निघाली.

हिमखिंडीत तिने कुपी उघडली. हंस घाईने म्हणाला, "महाराजांना सांग, की..." थेंब चोचीत गेला. पुढे नुसती हंसाची कर्कश साद उरली. त्या विरळ हवेतला श्वास त्याच्या रक्ताने घट्ट धरला. तो उठला आणि शिखर ओलांडून गेला.

राजा रिकाम्या बागेत बसला होता. मागच्या जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी दोन दोन पायऱ्या उड्या मारत उतरत होतं, आणि उतरता उतरता मोठमोठ्याने बोलतही होतं.