वेळीच उतरलेलं हेलिकॉप्टर

एका डोंगराळ मुलखात रणधीर शितोळे नावाचा एक वैमानिक होता. जिथे गाडी जात नाही अशा वाड्यांमधून आजारी माणसांना हेलिकॉप्टरने जिल्ह्याच्या इस्पितळात पोचवणं हे त्याचं काम. हाती घेतलेली फेरी त्याने कधी अर्ध्यावर सोडली नव्हती. लोक त्याचं कौतुक करत, आणि ते ऐकायला त्याला फार आवडे.

एके दिवशी तो एका रोग्याला पोचवून तळावर परततो न परततो तोच निरोप आला. वरच्या वाडीतली कौसल्या बाळंतपणात अडली होती. इंधनाची गाडी यायला थोडा अवकाश होता. 'आहे तेवढ्यात जाऊन येऊ,' असं मनाशी म्हणून रणधीर तसाच उडाला.

वाडीतून कौसल्येला आणि तिची सासू गोदाक्का हिला घेऊन तो निघाला, तर समोरून वारा सुटला. हेलिकॉप्टर पुढे सरकायला झगडू लागलं. घाट ओलांडताच समोर इंधन संपत आल्याचा पिवळा दिवा लागला.

दूरवर शहर दिसत होतं. इस्पितळाची पांढरी इमारतही ओळखू येत होती. पण मध्ये दाट वस्ती होती. तिथे इंजिन बंद पडलं असतं, तर उतरायला वीतभर जागा नव्हती. खाली मात्र एका गावाचं बाजाराचं मैदान मोकळं पडलेलं होतं.

"आज खाली उतरलो तर लोक हसतील," त्याच्या मनात आलं. त्याने मागे पाहिलं. कौसल्या घामाने भिजली होती. रणधीरने इस्पितळाला कळवलं, "रुग्णवाहिका बाजाराच्या मैदानावर पाठवा." आणि हेलिकॉप्टर खाली घेतलं.

गोदाक्का खवळली. "अहो, इस्पितळ तर समोर दिसतंय! माझी सून मरायची वेळ आली, आणि तुम्ही इथं उतरवता?"

"आक्का, इंधन संपत आलंय. भरून घ्यायला हवं होतं. मी थांबलो नाही, चूक माझी आहे," रणधीर म्हणाला. "पण आता पुढे गेलो, तर आपण तर जाऊच, खालची घरंही जातील."

गोदाक्काने सुनेचा हात घट्ट धरला. गावातल्या बाया धावत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी कौसल्येवर पदराची सावली धरली. रणधीर मान खाली घालून उभा होता. रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ त्याला आयुष्याएवढा लांब वाटला. एकदाची ती आली, आणि कौसल्येला घेऊन गेली.

संध्याकाळी इंधन भरायला आलेल्या माणसांनी टाकी तपासली. ती जवळजवळ कोरडी होती. शहराच्या छपरांवर पोचता पोचता इंजिन थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी रणधीर भीत भीत इस्पितळात गेला. कौसल्या थकलेली, पण हसत होती. शेजारी तिची मुलगी मुठी आवळून झोपली होती.

"काल तुमच्यावर फार चिडले होते," गोदाक्का म्हणाली. "चूक केलीत, ती केलीतच. पण ती झाकायला आम्हाला पुढं ओढत नेलं नाहीत. घ्या, नातीला मांडीवर घ्या."

तात्पर्य: चूक ध्यानात येताच लोकलाज बाजूला ठेवून थांबतो तोच खरा धाडसी; गेलेलं नाव पुन्हा मिळवता येतं, गेलेला जीव नाही.