कपाटाचं कुलूप

कारखान्याचे अध्यक्ष तात्यासाहेब जाचक यांचा शब्द तालुक्यात कुणी मोडत नसे. पण आई गेल्यापासून त्यांचा तरणाताठा मुलगा हेमंत त्यांच्याशी बोलत नव्हता. त्याने मानसशास्त्रज्ञ रेवतीबाई ढवळेंकडे चाचणी दिल्याचं कळताच तात्यासाहेब तिथे धडकले.

“माझ्याबद्दल काय म्हणाला तो? दाखवा. बाप आहे मी त्याचा!”

रेवतीबाई शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही मागे दिलेली चाचणीही याच कपाटात आहे. आज बापासाठी कुलूप काढलं, तर उद्या मुलासाठीही काढावं लागेल.”

पोराची चाहूल लागली की आपण दाराआड कान देऊन उभे राहतो, हे तात्यासाहेबांनी त्या चाचणीत कबूल केलं होतं.

“मग माझी दाखवाच त्याला,” ते म्हणाले.

“ते तुम्हीच सांगायचं, तात्यासाहेब.”

त्या संध्याकाळी त्यांनी हेमंतच्या दारावर थाप मारली.